सनस्क्रीन लावूनही मूल उन्हाने भाजतंय? नवी ट्यूब घेण्याआधी हे तपासा

मार्च ते जून या काळात हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "पन्नास एसपीएफचं लावलं होतं, तरी नाक सोललं." (एसपीएफ म्हणजे भाजण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा ट्यूबवरचा आकडा.) या तक्रारीवर बहुतेक घरांत पहिला उपाय म्हणजे आणखी महाग ट्यूब. पंधरा दिवसांनी तीच तक्रार परत येते, कारण दोष क्वचितच ट्यूबमध्ये असतो. तो वेळेत असतो, कपड्यांत असतो किंवा प्रमाणात असतो, आणि हे तिन्ही तपासायला पैसे लागत नाहीत. म्हणून खालचा क्रम आधी फुकटच्या, मग स्वस्त आणि शेवटी डॉक्टरांकडे नेणाऱ्या गोष्टींचा आहे. तो मोडू नका. पहिल्या तीन तपासण्यांतच बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

लक्षणं

- संध्याकाळी किंवा रात्री आग. उन्हात असताना मूल मजेत असतं. भाजल्याची लाली ३ ते ५ तासांनी दिसायला लागते आणि १२ ते २४ तासांत सर्वांत जास्त होते, त्यामुळे सकाळच्या उन्हाचा दोष दुपारच्या खेळावर जातो. सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असं नाही. हाताची मागची बाजू लावून बघा: कातडी गरम लागते, ताणल्यासारखी होते, मूल तिथे कपडा टेकू देत नाही. पुढच्या ३ ते ८ दिवसांत सालं निघतात.
- न दुखता रापणं. बाहीची, टोपीची, सँडलच्या पट्ट्यांची स्पष्ट रेघ उमटते.
- एकाच जागी भाजणं. कानाची पाळी, मान, गुडघ्यामागचा भाग, पावलाची वरची बाजू.
- खाजरं बारीक पुरळ.
- गालांवर फिकट चट्टे, कडा पुसट, वर हलका कोंडा.
- डोळ्यांत चुरचुर, आणि ट्यूब दिसली की मूल पळतं.

आधी रेघ बघा

काहीही बदलण्यापूर्वी मुलाला उजेडात उभं करा आणि त्रास कुठे आहे ते कपड्यांच्या हिशेबाने बघा. कपड्याबाहेरच्या भागावरच असेल आणि कपड्याच्या काठाशी थांबत असेल, तर कारण ऊन आहे. कपड्याच्या आत, पाठीवर, कमरेच्या इलॅस्टिकपाशी, मानेच्या घडीत असेल, तर ते बहुधा घामोळं आहे; तिथे सनस्क्रीन बदलून काहीही होणार नाही, उलट जाड क्रीमने घामाची छिद्रं आणखी बंद होतील. उन्हाचा भाग आणि क्रीमचा भाग दोन्हींकडे पुरळ असेल, तर शेवटच्या तपासणीकडे जा.

आंब्याच्या दिवसांत आणखी एक फसवा प्रकार दिसतो. ओठांच्या कडेला, गालावर, हनुवटीवर काळपट, भाजल्यासारखे डाग येतात. तो बहुतेक वेळा कैरीचा किंवा आंब्याचा चीक उतलेला असतो. आंबा देठाकडून पिळून चीक काढून, धुऊन देणं हा त्यावरचा उपाय आहे.

तपासणी १: घड्याळ

आपण ऊन उष्णतेवरून मोजतो आणि तिथेच फसतो. भाजणारी अतिनील किरणं जाणवत नाहीत. तापमान दुपारी तीनच्या सुमारास कळस गाठतं, अतिनील किरणं मात्र सूर्य सर्वांत उंच असताना. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि मुंबई-पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे मे महिन्यात मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारा उलटून गेल्यावर, नागपुरात सव्वाबाराच्या आत. महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात येतो, म्हणजे त्या दिवसांत सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो.

फोनवरच्या हवामान ॲपमध्ये यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा निर्देशांक दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पट्टीप्रमाणे २ पर्यंत कमी, ३ ते ५ मध्यम, ६ आणि ७ जास्त, ८ ते १० फार जास्त, ११ आणि त्यापुढे अतितीव्र. ३ पासून संरक्षण लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे भरदुपारी हा आकडा ११ च्या पुढे सहज जातो. पश्चिम महाराष्ट्रात त्या दिवसांत साधारण साडेआठनंतर तो ३ ओलांडतो आणि पावणेपाचच्या सुमारास पुन्हा खाली येतो. विदर्भात दोन्ही वेळा पाव ते अर्धा तास अलीकडे घ्या.

मुलांना आकडे सांगू नका, सावली दाखवा. आपली सावली आपल्या उंचीच्या दुपटीहून लांब असेल तर बेलाशक खेळायचं. सावली आपल्याहून बुटकी झाली की झाडाखाली किंवा घरात. चार-पाच वर्षांचं मूल हे दोन दिवसांत शिकतं, आणि मैदानावर तुम्ही नसताना हेच त्याच्या उपयोगी पडतं.

आता मुलाचा आठवडा या वेळांवर मांडून बघा. चूक सहसा तीनपैकी एका ठिकाणी सापडते. एक, उन्हाळ्यातली सकाळची शाळा: ती ऊन टाळण्यासाठीच असते, पण साडेअकराला सुटते आणि पोरं निर्देशांक ९-१० असताना अर्धा तास चालत घरी येतात. दोन, दहा वाजताची पोहण्याची किंवा क्रिकेटची बॅच. सातची बॅच मिळत असेल तर ती घ्या. कोणत्याही क्रीमपेक्षा हा बदल मोठा आहे. तीन, डिसेंबर-जानेवारीतलं क्रीडासंमेलन: थंडी असते म्हणून कुणी काही लावत नाही, पण मुलं सकाळी नऊपासून दोनपर्यंत उघड्या मैदानावर बसलेली असतात आणि दुपारी निर्देशांक ६ च्या आसपास असतो.

"मग ड जीवनसत्त्वाचं काय?" हा प्रश्न इथे हमखास येतो. जे मूल रोज बाहेर खेळतं, त्याचे हात-पाय टोपी-सनस्क्रीन असूनही थोडे उघडे राहतातच, आणि ड जीवनसत्त्वासाठी कातडी भाजावी लागत नाही. तान्ह्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० आययूचे थेंब देण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. तेवढ्यासाठी त्याला कडक उन्हात धरू नका.

तपासणी २: सावली खरी आहे का?

"तो तर सावलीतच होता" हे वाक्य ऐकलं की जागा विचारायची. छत्रीखाली वरचं ऊन अडतं, पण मोकळ्या आकाशातून विखुरलेली किरणं बाजूने येतच राहतात. समुद्रकिनाऱ्यावर त्यात कोरड्या वाळूवरून परतणारी साधारण १५ टक्के आणि फेसाळ लाटांवरून परतणारी सुमारे २५ टक्के भर पडते. गुहागरच्या किंवा तारकर्लीच्या वाळूत छत्रीखाली किल्ले बांधणारं मूल म्हणूनच हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूला भाजतं. दाट पानांचं झाड, भिंतीची सावली किंवा पक्कं छप्पर जास्त भरवशाचं. परीक्षा सोपी आहे: मूल बसलंय तिथून वर आणि आजूबाजूला बघा. आकाश जितकं जास्त दिसतं, तितकी सावली कच्ची.

ढगांचंही तेच. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं खाली येतात. आषाढातल्या काळ्याभोर ढगांची गोष्ट वेगळी. मेच्या अखेरचं मळभ मात्र फसवं असतं.

थंड हवेची ठिकाणं याहून फसवी. दर हजार मीटर उंचीला ही किरणं साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, वारा गार, म्हणून दिवसभर टोपीशिवाय हिंडणं होतं आणि रात्री हॉटेलवर मूल रडायला लागतं. बर्फात तर विचारू नका: ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत किरणं परततात. काश्मीर किंवा मनालीच्या सहलीला डोळ्यांवर यूव्ही ४०० लिहिलेला चष्मा हवाच. जत्रेतला काळा खेळण्यातला चष्मा नको; गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि संरक्षण नसेल तर किरणं जास्तच आत जातात.

रापतंय पण भाजत नाही, अशी तक्रार असेल तर प्रवास तपासा. गाडीच्या आणि स्कूल व्हॅनच्या बाजूच्या काचा भाजणारी यूव्हीबी किरणं बहुतांश अडवतात, पण रापवणारी यूव्हीए बरीच आत सोडतात. एकाच हातावर किंवा एकाच गालावर रंग बदलला असेल, तर मूल रोज कोणत्या खिडकीशी बसतं ते विचारा. स्कूटरवर पुढे उभं राहणाऱ्या मुलाचं तर सगळं अंगच समोर येतं: आई सनकोट-स्कार्फमध्ये, आणि पुढचं पोर चड्डी-बनियनमध्ये! त्याला हलका पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

तपासणी ३: कपडे आणि टोपी

ट्यूबवर खर्च करण्याआधी इथे खर्च करा. कपडा पुसला जात नाही, घामात वाहत नाही, दोन तासांनी परत लावावा लागत नाही.

शर्ट उजेडासमोर धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर ऊनही तसंच आत जातं. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचं संरक्षण, म्हणजे यूपीएफ, साधारण ५ ते ७ असतं, आणि तो भिजला की आणखी उतरतं. म्हणून पांढरा टी-शर्ट घालून तलावात उतरलेल्या मुलाचे खांदे भाजतात. घट्ट विणीचं कापड, मध्यम गडद रंग, अंगाला ताणून न बसणारं माप एवढं बघा. खेळाची पॉलिस्टर जर्सी पातळ सुतीपेक्षा ऊन चांगलं अडवते. ती सैल आणि हवा जाणारी असावी. पोहण्यासाठी पूर्ण बाह्यांचा, यूपीएफ ५० लिहिलेला स्विमिंग टी-शर्ट मिळतो. एकदा घेतला की पाठ, खांदे आणि दंड यांचा प्रश्न मिटतो.

टोपीत जवळजवळ प्रत्येकाचं चुकतं. क्रिकेटची चोचवाली टोपी नाक झाकते. कान आणि मान उघडी पडतात. नेमके तिथेच भाजल्याचे डाग दिसतात. सगळीकडून ५ ते ६ सेंटिमीटर काठ असलेली गोल टोपी किंवा मागे मानेवर पडदा असलेली टोपी हवी. शाळेची टोपी ठरलेली असेल तर तिच्याखाली मागून रुमाल सोडा. कबड्डी-खोखो खेळणाऱ्या मुलांच्या डोक्यावर टोपी टिकत नाही. त्यांच्यासाठी वेळ बदलणं हाच मार्ग आहे, शिक्षकांशी बोला.

दोन गोष्टी आपल्याकडच्याच. एप्रिल-मेमध्ये मुंजी होतात, जावळं निघतात. ताज्या मुंडण केलेल्या टाळूने कधी ऊन बघितलेलं नसतं, ती पहिल्याच दिवशी भाजते. किमान तीन-चार आठवडे बाहेर पडताना सुती टोपी घाला. आणि दोन वेण्या घालणाऱ्या मुलींचा मागचा भांग थेट मानेपर्यंत उघडा असतो. आरशात दिसत नाही म्हणून तिथे कधीच काही लावलं जात नाही.

सहा महिन्यांखालच्या बाळासाठी उपाय म्हणजे सावली आणि कपडे. सनस्क्रीन नेहमीची सवय म्हणून लावू नका. अगदीच इलाज नसेल तर चेहरा आणि हाताच्या मागच्या बाजूपुरतं, थोडंसं.

तपासणी ४: किती लावता?

डब्यावरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. घरी त्याच्या पाव ते निम्मंच लागतं, आणि संरक्षण साधारण त्याच प्रमाणात घसरतं. पन्नासचं पाव प्रमाणात लावलं की बारा-तेराचंच काम होतं. एसपीएफ ३० नीट लावलं तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडते, ५० ने सुमारे ९८ टक्के. म्हणून ३० वरून ५० वर जाण्यापेक्षा प्रमाण दुप्पट करणं कितीतरी जास्त फायद्याचं.

हिशेब करू. सहा वर्षांचं, वीस किलोचं मूल. अंगाचं क्षेत्रफळ साधारण ०.८ चौरस मीटर. अर्ध्या बाह्या आणि हाफ पँट असेल तर चेहरा, कान, मान, कोपराखालचे हात आणि पोटऱ्या मिळून ५ ते ६ ग्रॅम लागतात: एक सपाट चहाचा चमचा. त्यातलं पाव चमचा चेहरा-कान-मानेला, उरलेलं हातापायांना. दहा वर्षांच्या मुलाला सव्वा ते दीड चमचा. पहिल्यांदा खरंच चमच्याने मोजून बघा. बहुतेक पालकांना हे "फार" वाटतं.

म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब आठ ते दहा वेळा पुरते. रोज दोनदा लावली तर चार-पाच दिवस. तुमच्या घरी ती आख्खा उन्हाळा चालत असेल तर दोष सापडला. आणि हा खर्च परवडत नसेल, तर तिसऱ्या तपासणीकडे परत जा: पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट घातली की फक्त चेहरा, कान, मान आणि हाताच्या पंजांची मागची बाजू उरते, आणि तीच ट्यूब पंचवीसेक वेळा पुरते. संरक्षणही जास्त.

तपासणी ५: कधी, कुठे, पुन्हा केव्हा

मैदानाच्या फाटकाशी घाईने फासलेलं सनस्क्रीन धड पसरत नाही. घरून निघण्याआधी १५ ते २० मिनिटं, मूल बनियन-चड्डीवर असताना लावा, नंतर कपडे घाला. बाही आणि गळ्याच्या काठाशी जी पट्टी सुटते ती अशाने सुटत नाही. आधी ठिपके द्या, मग पसरवा. एकाच जागी गोळा ओतून ओढलं तर सुरुवातीला जाड थर आणि टोकाला काहीच नाही.

सुटणाऱ्या जागांचा क्रम ठरलेला आहे: कानाची वरची कड, कानामागे, मान, भांग, डोळ्यांखाली, गुडघ्यामागे, पावलाची वरची बाजू. याच क्रमाने शेवटी एकदा हात फिरवा. ओठांना एसपीएफ असलेला लिप बाम लावा.

दोन तासांनी पुन्हा लावा. पोहून आल्यावर आणि टॉवेलने अंग पुसल्यावर लगेच, तास मोजत बसू नका. पाण्यात टिकणारं म्हणून जे मिळतं तेही ४० किंवा ८० मिनिटांपुरतंच टिकतं. कायम टिकणारं कोणतंच नसतं. शाळेत दुसरा थर कुणी लावून देणार नाही. म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दप्तरात सनस्क्रीनची स्टिक द्या आणि मधल्या सुट्टीत नाक, गाल, कान, मान यांवरून चार-चार वेळा फिरवायला शिकवा.

मच्छर पळवणारं क्रीम लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर वरून दुसरं. दोन्ही एकत्र असलेली क्रीम टाळा, कारण सनस्क्रीन वारंवार लावावं लागतं आणि मच्छराचं औषध तसं लावायचं नसतं.

तपासणी ६: आता ट्यूब

आता ट्यूब हातात घ्या. तारीख बघा. उघड्या डबीच्या चित्रात १२एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. दाबल्यावर आधी पाणी आणि मग गुठळ्या येत असतील, वास बदलला असेल, तर ती टाका. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात ठेवलेल्या पोहण्याच्या पिशवीत ती अशी फुटते. किनाऱ्यावर ती टॉवेलात गुंडाळून सावलीत ठेवा.

लेबलवर तीन गोष्टी हव्यात: एसपीएफ ३० किंवा अधिक, ब्रॉड स्पेक्ट्रम (म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारं), आणि पीए पुढे किमान तीन अधिक चिन्हं. एसपीएफ मुख्यतः भाजण्याबद्दल बोलतो, पीए यूव्हीएबद्दल. मूल भाजत नाही पण रापतं, तेव्हा हीच अधिक चिन्हं मोजायची. लहान मुलांना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं बरं. ते कमी झोंबतं. थोडं पांढरट दिसतं, ते चालू द्या. स्प्रे थेट चेहऱ्यावर मारू नका, श्वासात जातो. तळहातावर घेऊन चोळा.

तपासणी ७: मूल लावूनच घेत नाही

कारण बहुतेक वेळा खरं असतं. घामाबरोबर क्रीम डोळ्यांत उतरतं आणि चांगलंच झोंबतं. कपाळाला भुवयांच्या वर बोटभर जागा सोडा, डोळ्यांभोवती झिंकची स्टिक वापरा, खिशात सुती रुमाल द्या आणि पुसायचं कसं ते दाखवा: टिपायचं, चोळायचं नाही. दात घासून झाल्यावर लगेच लावलं तर रोजची वाटाघाट संपते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. "लाव, नाहीतर काळी पडशील" असं मुलाला सांगू नका. त्या वाक्याने सावळ्या मुलाला स्वतःच्या रंगाची लाज शिकवली जाते आणि सवयही टिकत नाही, कारण सुट्टी संपली की रंग उतरतोच. सावळ्या त्वचेला उन्हापासून काही प्रमाणात नैसर्गिक संरक्षण असतं, हे खरंच आहे. तरीही ती भाजते, दुखते, आणि डोळ्यांना तर तेवढंही संरक्षण नसतं. "आग होऊ नये म्हणून" एवढं कारण पुरेसं आहे.

तपासणी ८: अंगाला आणखी काय लागतंय?

खोबरेल किंवा मोहरीचं तेल ऊन अडवत नाही. कॅलामाइनमध्ये झिंक असतं, पण ते सनस्क्रीन नाही.

लिंबू त्याहून घातक. रापलेलं उतरवायला बेसन-लिंबू लावतात, किंवा सरबत करताना रस हातावर ओघळतो आणि मूल उन्हात जातं. लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक असतात की त्यांच्यावर यूव्हीए पडली की कातडी भाजते. साधारण दिवसभराने लाल पट्टे किंवा फोड, आणि मग कित्येक आठवडे टिकणारे तपकिरी ओघळ. आकार बघून ओळखा: ओघळाचा, बोटांचा, थेंबांचा. अंजिराच्या चिकानेही असंच होतं. साबणाने धुतल्याशिवाय बाहेर सोडू नका.

बावचीचं तेल याच जातीचं, पण कितीतरी तीव्र. गालावर फिकट चट्टा दिसला की कुणीतरी कोड समजून हे तेल सुचवतं, आणि उन्हात गेल्यावर मुलाच्या गालावर फोड उठतात. वैद्याच्या देखरेखीशिवाय ते मुलाला कधीही लावू नका.

तोंडाने घेतलेली औषधंही तपासा. डोक्यातल्या गजकर्णासाठी दिलं जाणारं ग्रिसिओफुल्विन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॅप्रोक्सेन आणि मुरमांसाठीची रेटिनॉइड औषधं यांच्याने त्वचा उन्हाला हळवी होते. नेहमीच्याच उन्हात यंदाच भाजायला लागलं असेल तर गेल्या महिन्यातली औषधांची चिठ्ठी शोधा. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

तपासणी ९: पुरळ आणि चट्टे

गालांवरचे पुसट, कोंडा असलेले फिकट चट्टे बहुतेक मुलांत पिटिरियासिस अल्बा असतात. आजूबाजूची त्वचा रापली की ते उठून दिसतात, म्हणून उन्हाळ्यात "अचानक आले" वाटतात. जंत किंवा कॅल्शियमची कमतरता हे त्याचं कारण नाही. साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा, वर सनस्क्रीन, आणि काही महिने धीर. चट्टा पांढराफटक, कडा स्पष्ट आणि कोंडा अजिबात नसेल तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

उन्हात गेल्यावर काही तासांनी ते एक-दोन दिवसांनी हाताच्या बाहेरच्या बाजूवर आणि मानेवर खाजऱ्या बारीक पुटकुळ्या येत असतील, गालांना फारसं काही नसेल, तर तो उन्हाच्या ॲलर्जीचा सर्वांत नेहमीचा प्रकार असू शकतो. मोसमाच्या सुरुवातीला जास्त, नंतर कमी. पूर्ण बाह्या आणि चांगलं यूव्हीए संरक्षण हे पहिले उपाय. तरीही येत राहिलं तर निदान डॉक्टरांकडूनच करा.

क्रीमचाच संशय असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. लगेच चुरचुरून थांबलं तर ते झोंबणं. दोन-तीन दिवसांनी खाज आणि पुरळ आलं तर ॲलर्जी, ट्यूब बंद. झाकलेल्या जागी काहीच नाही आणि उन्हात मात्र पुरळ, तर क्रीम आणि ऊन मिळून होणारी ॲलर्जी असू शकते. ती घरी सिद्ध करायला जाऊ नका.

आज भाजलंय, आत्ता काय करायचं

सावलीत आणा. नळाच्या पाण्याने आंघोळ किंवा ओल्या सुती फडक्याची पट्टी १० ते १५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ नको. अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. तूप, टूथपेस्ट, हळद काहीही नको. तेलकट थराने उष्णता अडकते, फोडांत घाण जाते. पाणी, ताक, शहाळं घोटाघोटाने देत राहा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवरचं प्रमाण वाचा, कारण ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ असलेली सिरप मिळतात आणि २५० असलेलीही. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. फोड फोडू नका, सालं ओढू नका. पूर्ण बरं होईपर्यंत तो भाग उन्हात झाकलेलाच ठेवा.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

त्याच दिवशी: वर्षाखालचं बाळ भाजलं असेल, फोड आले असतील, चेहरा किंवा डोळे सुजले असतील, ताप, उलट्या, चक्कर, लघवी नेहमीपेक्षा खूपच कमी, उजेड सहन होत नाही, डोळ्यांत खुपतं, फोडांत पू किंवा भोवती लाली पसरतेय.

थांबूच नका, १०८ ला फोन करा: मूल असंबद्ध बोलतंय, गुंगीत आहे, झटके येताहेत, अंग तापून फणफणलंय. हा उष्माघात असू शकतो. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंख्याने वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या: दहा-पंधरा मिनिटांच्या साध्या उन्हात मूल भाजतं, उन्हात गेल्या गेल्या आग-आग करून रडतं पण कातडीवर फारसं दिसत नाही, दोन वर्षांच्या आत चेहऱ्यावर तपकिरी ठिपके आले, दोन्ही गाल आणि नाकाच्या वरून आडवी लाली, सोबत ताप किंवा सांधेदुखी. ही लक्षणं दुर्मीळ पण खऱ्या आजारांची असू शकतात. त्यांच्यावर सनस्क्रीन बदलत महिने घालवू नका. जन्मतः रंगद्रव्य कमी असलेल्या किंवा कोड असलेल्या मुलांसाठी तर तक्रार होण्याआधीच डॉक्टरांकडून वेळ, कपडे आणि क्रीम ठरवून घ्या.

जाताना वापरातली ट्यूब, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि पुरळ पूर्ण उठलेलं असताना दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो घेऊन जा. तपासणीच्या दिवशी पुरळ बहुधा उतरलेलं असतं. फोटोंबरोबर उन्हात किती वाजता गेलं, किती वेळ होतं आणि त्रास किती तासांनी सुरू झाला, एवढं लिहून न्या.